मुदतीचे दत्तक

गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयतांनी एका कागदावर सह्या केल्या आणि एक कुत्रा घरी घेऊन आलो. कागदाच्या माथ्यावर 'दत्तक करार, चाचणी तत्त्वावर' असे छापलेले होते आणि खाली मुदत होती २१ दिवसांची. तेवढ्या दिवसांत जमले तर कुत्रा आमचा, न जमले तर निवाऱ्यात परत. परत करण्याचे कारण लिहिण्यासाठी शेवटी तीन कोऱ्या ओळी सोडलेल्या होत्या. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्यामुळे कुत्र्याकडे नीट पाहण्यापूर्वी आमचे लक्ष शीर्षकाकडे गेले, आणि रिक्षातून घरी येईपर्यंत आमच्यात वाद झाला तो 'दत्तक' या शब्दावरून. कुत्रा दोघांच्या पायांशी अंग चोरून बसला होता.

वादाचे कारण असे, की आपल्याकडे दत्तक हा शब्द जितका भावनेचा आहे त्याहून अधिक कायद्याचा आहे. नीलकंठ भट्टांचा 'व्यवहारमयूख' हा सतराव्या शतकातील ग्रंथ महाराष्ट्र-गुजरातेत ज्या विषयांत प्रमाण मानला गेला त्यांत दत्तक हा एक. देणाऱ्याने दिले, घेणाऱ्याने घेतले, की मूल एका कुळातून उठून दुसऱ्या कुळात गेले; मागे फिरण्याची वाट तेथे ठेवलेलीच नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ साली झाला, त्याच्या १५व्या कलमातही हेच तत्त्व आहे. विधिवत झालेले दत्तक घेणाऱ्या आईबापांना रद्द करता येत नाही, आणि दत्तक गेलेल्या मुलालाही नवे नाते झुगारून जन्मघरी परतता येत नाही. या एका शब्दापायी मराठी माणसाने राज्ये गमावली आहेत. १८४८ साली सातारा खालसा झाले ते दत्तक नामंजूर करून, आणि झाशीची कथा तर शाळकरी मुलांनाही पाठ असते.

पारख करणे दत्तकाला वर्ज्य होते असे मात्र नव्हे. बडोद्याच्या गादीसाठी महाराणी जमनाबाईंनी वारस निवडला तेव्हा नाशिककडच्या कवळाण्याहून आणलेल्या मुलांची पारख झाली. कशासाठी आलास, या प्रश्नाला गोपाळराव नावाच्या मुलाने 'राज्य करायला' असे उत्तर दिल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. पण ही पारख आधी झाली. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान होऊन गोपाळरावाचे सयाजीराव झाले, आणि त्यानंतर 'जमले तर' ही भाषा संपली. याच्या उलट टोकाला बैलबाजार. तेथे गिऱ्हाईक दात पाहते, बैल चालवून पाहते, गाडीला जुंपून पाहते, आणि मन भरले नाही तर पुढच्या दावणीकडे वळते. त्यात कोणाला वावगे वाटत नाही, कारण बैलाकडून काय हवे आहे हे दोन्ही पक्षांना स्पष्ट असते. आमच्या हातातल्या कागदाने बडोद्याचा दरबार आणि बैलबाजार एकाच वाक्यात आणून बसवले होते. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, शब्द चुकला आहे, पण व्यवस्था योग्य आहे. दुसरीचे म्हणणे, शब्द योग्य आहे, म्हणून ती अटच खोडून टाकली पाहिजे.

दुसरीचे हे म्हणणे विशेष, कारण तिला लहानपणी कुत्रा चावलेला आहे. १९८०च्या दशकात कुत्रा चावणे म्हणजे पोटात चौदा इंजेक्शने. सर डेव्हिड सेम्पल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कसौलीच्या संस्थेत ही लस विकसित केली. मेंढीच्या मेंदूपासून ती बनवीत. ती वेदनादायक होती आणि क्वचित मज्जासंस्थेवर घातक परिणामही करी. भारतात तिचा वापर २००५च्या सुमारास थांबला. आज दंडावर चार-पाच टोचण्यांत भागते, म्हणून त्या चौदा दिवसांचे भय आता कोणाला समजावून सांगता येत नाही. पण रेबीज एकदा अंगात प्रकटला, की उपाय नाही, हे १८८५ साली पाश्चरने पहिली लस टोचली त्याआधी जितके खरे होते तितकेच आजही आहे, आणि जगातील रेबीजमृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात होतात. तेव्हा रस्त्यावरच्या कुत्र्याविषयी बोलताना भीती बाळगणाऱ्याला निर्दय ठरवण्याची जी फॅशन काही भूतदयावाद्यांत आहे तिच्याशी आम्ही सहमत नाही. भीतीला कारण आहे. प्रश्न तिचे करायचे काय, एवढाच.

आता हा कुत्रा निवाऱ्यात आला कसा, ते सांगतो. २००१ साली केंद्र सरकारने प्राणी जन्मनियंत्रण नियम केले. त्यांनुसार रस्त्यावरचा कुत्रा पकडावा, त्याची नसबंदी करावी, त्याला रेबीजची लस द्यावी आणि जेथून उचलले तेथेच परत सोडावे. शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून कानाला खाच पाडतात. २०२३च्या नव्या नियमांनी हीच पद्धत कायम ठेवली. या व्यवस्थेत कुत्र्याला मालक नव्हता, पण ठिकाण होते. २०२५ साली हे चित्र हलले. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठाने त्यात बदल करून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता इतरांना लस देऊन मूळ जागी सोडावे असे सांगितले. त्याच आदेशात, प्राणिप्रेमींना ही कुत्री दत्तक घेता येतील, मात्र दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांची, असेही म्हटले होते. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवावीत आणि त्याच जागी परत सोडू नयेत, असा आदेश झाला.

आमच्या घरी आलेला कुत्रा अशाच एका महाविद्यालयाच्या आवारातला. तपकिरी रंग, वय अदमासे चार वर्षे, डाव्या कानाला खाच. दोन-तीन वर्षांपूर्वी तो आमच्याकडे आला असता आणि जमले नसते, तर परत पाठवणे म्हणजे त्याच्या ओळखीच्या फाटकापाशी, उपाहारगृहाच्या मागच्या सावलीत परत सोडणे असते. आता परत पाठवणे म्हणजे जाळीमागे पाठवणे. करारातील 'परत' या शब्दाचा अर्थ आमच्या सह्या होण्यापूर्वीच बदललेला होता.

रिक्षातल्या वादात आम्ही दोघांनीही, साहजिकच, महाभारताचा आधार घेतला. महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांमागून कुत्रा निघतो. पाच भाऊ, द्रौपदी आणि सातवा तो. तो कोणाचा पाळीव नाही, त्याला नाव नाही, त्याला कोणी बोलावलेले नाही. एकामागून एक सगळे कोसळतात आणि युधिष्ठिराबरोबर तेवढा तोच उरतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि सांगतो, की कुत्रा बाळगणाऱ्यांना स्वर्गात स्थान नाही. युधिष्ठिर त्याला सोडून रथात बसत नाही. हा भाग कीर्तनांतून आपण सर्वांनी ऐकलेला असतो. पण त्या संवादात इंद्राने केलेला एक युक्तिवाद फारसा सांगितला जात नाही. तो विचारतो, भावांना सोडलेस, द्रौपदीला सोडलेस, मग कुत्र्यापाशीच का अडलास? युधिष्ठिराचे उत्तर कोरडे, जवळजवळ कायदेशीर आहे. ती सारी मरण पावली होती, त्यांना उठवणे माझ्या हाती नव्हते, जिवंतपणी मी त्यांना सोडले नाही. आणि ज्याने आपल्यावर भाव ठेवला त्याला टाकणे हे तो शरणागताला परत हाकलणे, मित्रद्रोह अशा पातकांच्या पंक्तीला बसवतो. कुत्रा माझा आहे, असे तो कोठेही म्हणत नाही. त्याचा सारा युक्तिवाद कुत्र्याने त्याच्याशी जोडलेल्या नात्यावर उभा आहे, आणि त्या नात्याला विधी लागलेला नाही. पुढे तो कुत्रा म्हणजे धर्म होता असे उघड होते आणि पूर्वी द्वैतवनातही आपण तुझी परीक्षा घेतली होती असे तो सांगतो. म्हणजे चाचणी चाललेली होतीच, फक्त ती ज्याची चालली होती त्याला तिचा पत्ता नव्हता.

हा शेवट सर्वांना ठाऊक असतो; आरंभ फार थोड्यांना. आदिपर्वात, पौष्यपर्वाच्या सुरुवातीला जनमेजय सत्राला बसलेला असताना देवांच्या सरमा नावाच्या कुत्रीचे पिल्लू तेथे येते. जनमेजयाचे तीन भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जाते. काही अपराध केला असशील, असे ती म्हणते. मी काही केले नाही, हविष्याकडे पाहिले नाही, त्याला जीभ लावली नाही, असे ते सांगते. मग सरमा यज्ञभूमीत येऊन राजाला विचारते, माझ्या मुलाचा अपराध काय? त्यांच्यापाशी उत्तर नसते. अपराध नसताना मारलेत म्हणून तुमच्यावर अनपेक्षित भय कोसळेल, असे बोलून ती निघून जाते. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या एका टोकाला विनाकारण मार खाल्लेले पिल्लू आहे आणि दुसऱ्या टोकाला न सोडलेला कुत्रा. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे, कारण काय? आमच्या करारातील त्या तीन कोऱ्या ओळी सरमेच्या प्रश्नासाठी सोडलेल्या आहेत, हे आम्हांला जरा उशिरा उमगले. ते पुढे येईलच.

(कुत्र्याच्या निष्ठेचा विषय निघाला, की मराठी माणूस रायगडावरच्या वाघ्याकडे वळतो. त्या वादात आम्हांला शिरायचे नाही. नामदेवांची पोळी पळवणारा आणि मागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, हे चित्र आम्हांला अधिक आवडते, पण ती मुक्कामाची गोष्ट नव्हे.)

मुदत आणि जबाबदारी या दोहोंची सांगड कोणी घातली होती काय, हे शोधताना आम्ही अनपेक्षित ठिकाणी पोहोचलो. पारशी धर्मग्रंथ अवेस्ताच्या वेंदिदाद या भागात तेराव्या आणि पंधराव्या प्रकरणांत कुत्र्याविषयी सविस्तर नियम आहेत. कुत्र्याला वाईट अन्न देणे हा अपराध आहे. पंधराव्या प्रकरणात तर एक नेमका प्रसंग घेतला आहे. विणारी कुत्री एखाद्याच्या जागेत, गोठ्यात किंवा कुंपणाशी येऊन पडली, तर सांभाळ कोणी करायचा? ज्याच्या जागेत ती आली त्याने. किती काळ? पिल्ले दोनदा सात घरांच्या भोवती फिरून येऊ लागेपर्यंत. मग हिवाळा असो वा उन्हाळा, त्यांना मोकळे सोडावे. पिल्लाला सहा महिने सांभाळावे, मुलाला सात वर्षे, असा हिशेबही तेथे आहे. कुत्री कोणाची, हे तेथे विचारलेले नाही. तुम्ही तिला निवडलेले नाही, ती दत्तक नाही, आणि तरीही मुदत संपेपर्यंत टाळता येणार नाही अशी ती जबाबदारी आहे. शिवाय मुदत मोजली आहे ती पिल्लाच्या पायांनी. आमची २१ दिवसांची मुदत आमच्या सोयीने मोजलेली, ही गोष्ट या ओळी वाचल्यावर खटकल्यावाचून राहिली नाही.

हा ग्रंथ आपल्यापासून दूरचा नाही. तो मानणाऱ्या समाजाने मुंबईच्या इतिहासातील पहिल्या मोठ्या दंगलींपैकी एक कुत्र्यांसाठी केली. भटकी कुत्री मारण्याचा हुकूम कंपनी सरकारच्या काळात मुंबईत लागू होता आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. आठ आणे त्या काळी लहान रक्कम नव्हे. साहजिकच पकडणाऱ्यांचा उत्साह वाढला आणि दारातली, घरातली कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. ६ जून १८३२ रोजी फोर्टात पारशी जमाव या मारेकऱ्यांवर आणि त्यांच्याबरोबरच्या शिपायांवर चालून गेला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, हिंदू, जैन आणि इतर व्यापारीही त्यात सामील झाले आणि गोऱ्या पलटणीला जाणारी रसद अडली. सैन्य आणून जमाव पांगवावा लागला, धरपकड झाली. ज्यांच्या धर्मात मृतदेहाला कुत्र्याची नजर लागल्याशिवाय अंत्यविधी पुरा होत नाही, त्यांच्या दारातून तो कुत्रा आठ आण्यांसाठी ओढून नेला, तर याहून वेगळे काय होणार? (डोळ्यांवर दोन ठिपके असलेला 'चार डोळ्यांचा' कुत्रा या सगदीद विधीला उत्तम मानतात. ऋग्वेदातले यमाचे दोन कुत्रेही चार डोळ्यांचेच आहेत. या दोन परंपरा एकेकाळी शेजारी नांदत होत्या, याची अशी खूण क्वचितच सापडते.)

दंगलीनंतर जमशेटजी जीजीभाईंसारख्या प्रतिष्ठितांनी मध्यस्थी केली आणि कुत्री ठार मारण्याऐवजी शहराबाहेर हलवावीत असे ठरले. हलवायची म्हणजे कोठे? १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि शेठ अमीचंद यांच्या कुटुंबाने मिळून भुलेश्वरजवळ पांजरापोळ स्थापन केली. मुंबईत आज पांजरापोळ म्हटले, की गाई डोळ्यांपुढे येतात. ती उभी राहिली त्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे विसरले गेले आहे. ही कल्पनाही मुंबईने शोधली असे नव्हे. सुरत, खंबायत येथील पशुपक्ष्यांच्या इस्पितळांची वर्णने सोळाव्या-सतराव्या शतकातील युरोपीय प्रवाशांनी कुतूहलाने, काहींनी हसत, लिहून ठेवलेली आहेत.

पांजरापोळीत चाचणी नाही, निवड नाही, आणि बाहेर पडण्याची वाटही बहुधा नाही. आत आलेला जीव मरेपर्यंत राहतो. कोणा एकाचा तो होत नाही. त्याचा खर्च पेढ्या आणि महाजन उचलतात. या दयेची मर्यादाही तेथेच आहे. पोटाला मिळते, पण हाक मारणारे कोणी नसते. आमच्या पाहुण्याला परत पाठवले असते तर तो अशाच एका दयेत परतला असता.

येथून लंडनला जाण्याचे कारण एवढेच, की बाहेरच्या घरी कुत्रा द्यायचा, ही आजची रीत जेथे घडली त्या ठिकाणांत लंडन अग्रभागी आहे. १८६० साली मेरी टील्बी नावाच्या बाईंनी उत्तर लंडनमधील हॉलोवे येथे तबेल्याच्या आवारात हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी एक घर काढले. मुंबईच्या पांजरापोळीनंतर २६ वर्षांनी. 'द टाइम्स'ने तिची टिंगल केली. माणसे उपाशी असताना कुत्र्यांना घर कशाला, हा आजही ऐकू येणारा प्रश्न तेव्हाच विचारून झाला. दोन वर्षांनी डिकन्सच्या साप्ताहिकात मात्र या घराची बाजू घेणारा लेख आला. त्यात इझलिंग्टनच्या श्वानप्रदर्शनातील मानकरी कुत्री आणि हॉलोवेतील ही अनाथ कुत्री शेजारी शेजारी उभी केलेली होती. टील्बीबाई १८६५ साली वारल्या. १८७१ साली ते घर बॅटरसीला हलले आणि त्याच नावाने जगप्रसिद्ध झाले.

आमचे लक्ष वेधले ते त्याच्या मूळ नावाने. त्या नावात 'टेम्पररी' हा शब्द होता. हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांचे तात्पुरते घर. मुक्काम तात्पुरता, म्हणजे मालक सापडेपर्यंत किंवा नवा मालक मिळेपर्यंत, असा त्या बाईंचा अर्थ होता. पण १८६७च्या लंडनच्या रस्तेविषयक कायद्याने पोलिसांना भटकी कुत्री धरण्याचा अधिकार दिला आणि तीन दिवसांत मालक आला नाही तर ती विकावीत वा मारावीत अशी तरतूद केली. कुत्र्यांचे लोंढे त्या घराकडे येऊ लागले आणि त्याच 'तात्पुरते' शब्दाला वेगळाच अर्थ आला. मुदत तीच गोष्ट करते, फक्त ती कोणी कोणासाठी ठेवली यावर सारे अवलंबून असते. वेंदिदादातली मुदत संपेपर्यंत सांभाळणाऱ्याला सुटका नव्हती. लंडनच्या कायद्यातली मुदत संपली, की कुत्र्याला सुटका नव्हती.

मग आमची एकवीस दिवसांची मुदत कोणासाठी? निवारे चालवणाऱ्यांत तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा प्रचलित आहे. तीन दिवसांत कुत्र्याची घाबरगुंडी ओसरते, तीन आठवड्यांत त्याला घराची रीत कळते, तीन महिन्यांत तो घरचा होतो. शास्त्र म्हणून नव्हे, अनुभव म्हणून तो मानावा. त्या हिशेबाने आमची मुदत नेमकी अशा वेळी संपत होती, जेव्हा कुत्र्याला रीत कळलेली असते पण भरवसा बसलेला नसतो. आमच्यातील 'अट खोडा' पक्षाला हे म्हणजे क्रौर्य वाटले. थोडी माया लावायची आणि ऐनवेळी हात काढून घ्यायचा.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे, कारण ती आमच्या दोघांच्याही मताविरुद्ध जाते. अमेरिकेतील पाच निवाऱ्यांमधील २०७ कुत्र्यांना एक-दोन रात्रींसाठी घरांत पाठवून त्यांच्या शरीरातील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक मोजण्यात आले. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. घरी असताना ताण उतरला, कुत्री सलग अधिक वेळ विसावली. निवाऱ्यात परतल्यावर ताण पुन्हा चढला, पण पूर्वीइतकाच, त्याहून अधिक नव्हे. म्हणजे दोन रात्रींचा विसावा देऊन परत पाठवण्यात कुत्र्याचे फारसे नुकसान दिसले नाही. एकवीस दिवसांनाही हेच लागू पडेल का, हे त्यावरून ठरत नाही. तरी 'परत देणे म्हणजे विश्वासघात' हे आमचे वाक्य जरा सैल करावे लागले. 'परत देण्यात काय बिघडते' असे म्हणणाऱ्यालाही हा अभ्यास पुरता उपयोगी नाही. कारण त्याच्याच आकड्यांनुसार जाळीमागचे दिवस ताणाचेच असतात.

आता नवव्या दिवसाची हकिकत. तोवर सारे सुरळीत होते. तो पलंगावर चढत नसे, उंबऱ्यापाशी झोपे, जिन्यात पाऊल वाजले, की कान टवकारी. आम्ही त्याला नाव ठेवले नव्हते. नाव ठेवले, की निर्णय झाला, असा आमचा समज. तळमजल्यावरच्या आजी मात्र रोज सकाळी विचारीत, "काय गं, पाहुणा जेवला का?" नवव्या दिवशी आमच्यापैकी जिला कुत्रा चावलेला आहे ती घरी एकटी होती. केर काढण्यासाठी तिने केरसुणी उचलली आणि कुत्रा भिंतीला पाठ लावून, दात दाखवून गुरगुरला. ती खोलीचे दार लावून आत बसली. दुपारी आम्ही दोघे समोरासमोर बसलो तेव्हा करार टेबलावर होता, आणि रिक्षात जी अट खोडून टाका म्हणत होती तिनेच तो काढून ठेवला होता. तिचे भय खरे होते. चौदा इंजेक्शनांचे पोट तिचे होते.

"लिहा कारण," ती म्हणाली. आम्ही पेन घेतले आणि थांबलो. केरसुणी पाहून गुरगुरतो, एवढेच लिहिण्याजोगे होते. ती अंगावर कोणी उगारली असेल, किती वेळा, कोणत्या फाटकाशी, हे आम्हांला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने चावा घेतला नव्हता, पुढेही आला नव्हता. सरमेचा प्रश्न टेबलावर येऊन बसला तो त्या वेळी. जनमेजयाच्या भावांपाशी कोऱ्या ओळी असत्या तर त्यांनी तेथे काय लिहिले असते? हविष्याकडे पाहिले, असे कदाचित.

त्या दिवशी कारण लिहिले गेले नाही. पण प्रसंग विसरलोही नाही. निवाऱ्यातील पशुवैद्यांना विचारले. त्यांनी सांगितले, की केरसुणी उभी न धरता आधी जमिनीवर पडलेली दाखवा, शेजारी भाकरीचा तुकडा ठेवा, आणि काही दिवस केर त्याच्यासमोर काढू नका. केरसुणी आठ दिवस दिवाणखान्यात आडवी पडून राहिली. लक्ष्मीला असे पसरून ठेवतात का, असे आजींनी विचारले. सोळाव्या दिवशी तिच्यावर हनुवटी टेकून तो झोपलेला दिसला. अर्थात उगारलेल्या हाताला तो अजूनही दचकतो, आणि आमच्यापैकी एकीला त्याच्या दचकण्याने दचकायला होते.

मराठीत 'पाळणे' या एकाच क्रियापदाने आपण कुत्रा पाळतो, वेळ पाळतो आणि शब्द पाळतो. वर्गात आम्ही हे अनेकदा सांगितले आहे, भाषेची गंमत म्हणून. या तीन आठवड्यांत ते तितके गमतीचे वाटले नाही. जेवण सातला द्यायचे म्हणजे सातला. एकदा साडेआठ झाले तर तो उंबऱ्यावरून उठून जिन्याकडे तोंड करून बसला. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे दिवस होते. कुत्र्यापायी आम्ही दोघे कधी नव्हे ते वेळेवर घरी येऊ लागलो.

एकविसावा दिवस रविवारी आला. निवाऱ्याचे कार्यालय बंद. तिला मुदत आणखी तीन आठवडे वाढवून हवी होती, मला सही करून टाकायची होती. येथे 'मला' लिहिले, क्षमा असावी. या एका मुद्द्यावर आमचे 'आम्ही' टिकले नाही. सोमवारी तेथील कारकुनाला मुदतवाढीविषयी विचारले. तसा रकाना कागदात नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले. ठेवायचे किंवा द्यायचे. कुत्रा खाली तिच्या चपलेवर बसला होता. तिने त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले नाही, आणि सही केली. मग दुसरी सही झाली.

नावाचा रकाना कोरा होता. आम्ही 'पाहुणा' असे लिहिले. हे नाव की शेरा, असे कारकुनांनी विचारले. नाव, असे आम्ही म्हणालो. त्यांनी शिक्का मारला, कागद उलटून पाहिला आणि आमच्याकडे परत सरकवला. शेवटच्या तीन ओळी रिकाम्या सोडायच्या नसतात, त्यांवर आडवी रेघ मारा, म्हणाले.